मुनियेचा घास

भाद्रपद सरत आला, की माळरानावरचे गवत निसवू लागते. हिरव्या पात्यांतून तुरे डोकावतात, तुऱ्यांत दुधाळ दाणे भरतात आणि वाऱ्याच्या झुळुकेसरशी सारे रान लवते. अशा वेळी एखाद्या तुऱ्यावर मुठीत मावेल एवढे पाखरू येऊन बसते. त्याच्या भाराने काडी वाकते. परंतु पाखराचा तोल जात नाही. वाकलेल्या काडीला बोटांनी घट्ट धरून ते तुऱ्यातील एकेक दाणा टिपू लागते. पाहता पाहता आसपासच्या काड्यांवर तशीच आणखी वीस-पंचवीस पाखरे दिसू लागतात. कोणाची चाहूल लागली, की सारा थवा एकदम उडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा गवतात उतरतो. ही पाखरे म्हणजे मुनिया होत. महाराष्ट्रात त्यांना मनोली असेही म्हणतात.

मुनियांच्या अनेक जाती भारतात आढळतात. लाल मुनियेचा नर विणीच्या हंगामात लालबुंद होतो आणि त्याच्या अंगावर पांढरे ठिपके शोभून दिसतात. ठिपकेवाल्या मुनियेच्या छातीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते. पांढऱ्या कंठाची मुनिया मातकट रंगाची असून ती कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात राहते. काळ्या डोक्याची मुनिया पाणथळ जागांतील उंच गवतात रमते. रंगरूप निरनिराळे असले, तरी या सर्वांचा बांधा लहान असतो. त्यांचे वजन बहुधा दहा ते पंधरा ग्रॅमच भरते. सर्वांची चोच आखूड, जाड व शंकूच्या आकाराची असते.

अशा चोचीच्या, दाणे टिपणाऱ्या लहान पक्ष्यांना इंग्रजी भाषेत ‘फिंच’ असे नाव आहे. हे नाव जगभरच्या अनेक पक्ष्यांना मिळालेले असले, तरी ते सारे एका कुळातील नव्हेत. मुनिया आणि ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच हे एका कुळातील. तर युरोप-अमेरिकेतील गोल्डफिंच दुसऱ्या कुळातील. परंतु अन्न सारखे असल्यामुळे त्यांच्या चोचीही सारख्या घडल्या आहेत.

असे पाखरू पाहिले, की ‘हा दाणे खाणारा पक्षी, याला मूठभर दाणे टाकले की याचे पोट भरले,’ असे सहज वाटते. पुष्कळ लोक याच समजुतीने फिंच पक्षी पिंजऱ्यात ठेवतात आणि वाटीभर दाणे घालून निश्चिंत होतात. परंतु पक्ष्याचे पोट भरणे आणि पक्ष्याचे पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तो भेद समजण्यासाठी प्रथम रानातील मुनियेचा आहार नीट पाहिला पाहिजे.

मुनियेची चोच हे तिचे हत्यार होय. गवताचा दाणा कवचासह गिळला, तर त्याचा तिला फारसा उपयोग नाही. म्हणून ती दाणा चोचीच्या कडेशी धरते, जिभेने त्याला वरच्या चोचीच्या आतील खाचेत दाबते आणि चोचीच्या धारदार कडांनी त्याचे टरफल फोडते. मग जिभेने दाणा फिरवून ती टरफल बाहेर टाकते आणि आतील गर तेवढा गिळते. हे सर्व इतक्या त्वरेने घडते, की पाहणाऱ्याला केवळ चोचीची हालचाल आणि खाली गळणारे तूस एवढेच दिसते. सुपाने धान्य पाखडणारी गृहिणी जे काम करते, तेच काम ही पाखरे चोचीने करतात.

गिळलेला दाणा प्रथम गळ्याजवळच्या अन्नपुटात साठतो. अन्नपुट म्हणजे जणू शिदोरीची पिशवी. दिवस मावळण्यापूर्वी पाखरू ही पिशवी भरून घेते आणि रात्री झोपेत असताना त्यातील अन्न हळूहळू पुढे सरकत राहते. पक्ष्याला दात नसतात. म्हणून दाणे भरडण्याचे काम पेषणी नावाचा बळकट स्नायूंचा अवयव करतो. या कामाला मदत म्हणून पाखरे वाळूचे बारीक कण टिपून गिळतात. पेषणीत हे कण जात्याच्या पाळीप्रमाणे उपयोगी पडतात.

एवढ्याशा जिवाला अन्न तरी किती लागत असेल? सुमारे बारा ग्रॅम वजनाचा झेब्रा फिंच दिवसाकाठी दोन-तीन ग्रॅम दाणे खातो. म्हणजे आपल्या वजनाच्या सहाव्या ते चौथ्या भागाइतके अन्न त्याला रोज मिळवावे लागते. शरीर जितके लहान, तितकी त्यातील उष्णता लवकर बाहेर जाते. आणि ती टिकवण्यासाठी सतत इंधन लागते. म्हणूनच मोठा प्राणी एखादा दिवस उपाशी राहिला, तर त्याचे फारसे बिघडत नाही. परंतु फिंचसारख्या पाखराला एक-दोन दिवसांचा उपासही जिवावर बेततो.

आता रानातील वर्ष कसे जाते ते पाहावे. कार्तिकानंतर गवत पिवळे पडते आणि दाणे वाळून जमिनीवर गळू लागतात. मुनियांचे थवे मग तुऱ्यांवरून जमिनीवर उतरतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हे वाळलेले दाणे हाच त्यांचा मुख्य आधार असतो. शेते कापून झाल्यावर खळ्याभोवती व धसकटांत सांडलेले दाणेही त्या वेचतात. पुढे पावसाळा सुरू झाला, की एक विलक्षण गोष्ट घडते. जमीन भिजते आणि तिच्यावर पडलेले दाणे रुजून त्यांना कोंब फुटतात. सृष्टी हिरवीगार होते. परंतु कालपर्यंत जो दाणा होता, तो आज रोप झालेला असतो. उत्तर ऑस्ट्रेलियातील गोल्डियन फिंच हा सुंदर पक्षी तेथील जोंधळ्याच्या जातीच्या रानगवतावर जगतो. पहिल्या जोरदार पावसानंतर हे दाणे रुजून जातात आणि पुढील गवत निसवेपर्यंत त्याला अन्नाची टंचाई सोसावी लागते. ज्या पावसाने सारे रान तृप्त होते, त्याच पावसाने दाणे टिपणाऱ्याच्या घरी काही काळ चूल पेटत नाही.

पण हा पाऊसच पुढील सुगीची तयारी करतो. नवे गवत निसवते आणि त्याच्या तुऱ्यांत कोवळे, दुधाळ दाणे भरतात. हे दाणे वाळलेल्या दाण्यांहून मऊ असतात, त्यांत पाणी अधिक असते आणि पिल्लांना ते सहज पचतात. शिवाय पावसाळ्यात किडे-अळ्यांची रेलचेल असते. वाळवीला पंख फुटून ती वारुळातून बाहेर पडू लागली, की लाल मुनिया तिच्यावरही ताव मारते. मुनियांची वीण मुख्यत्वे याच काळात होते, हा योगायोग नव्हे. पिल्लांना ज्या दिवसांत उत्तम अन्न मिळेल, त्याच दिवसांत त्यांनी जन्मावे, अशी ही निसर्गाची योजना आहे. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशात पावसाचा काही नेम नसतो. म्हणून तेथील झेब्रा फिंच ठरावीक महिन्याची वाट न पाहता पाऊस पडून गवताला दाणा धरू लागला, की घरटे बांधावयास घेतो.

दाणे हे मुनियेचे मुख्य अन्न असले, तरी तिचे ताट एवढ्याने संपत नाही. ठिपकेवाली मुनिया घाणेरीसारख्या झुडपांची बारीक फळे खाते. पांढऱ्या कंठाची मुनिया पांगाऱ्याच्या फुलांतील मध चाखताना दिसते. मुनियांच्या काही जाती डबक्यातील तंतुमय हिरवे शेवाळही खाताना आढळल्या आहेत. शेवाळात प्रथिने असतात आणि वाळक्या दाण्यांत जे कमी पडते, ते तेथून मिळते. म्हणजे जिला केवळ दाणे खाणारी म्हणावे, ती मुनिया प्रत्यक्षात ऋतूप्रमाणे आपले अन्न बदलत असते.

पिल्लांच्या संगोपनात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. मुनियेचे घरटे गवताच्या पात्यांचे, गोल आणि एका बाजूला दार असलेले असते. त्यात बहुधा चार ते सहा अंडी असतात. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू आंधळे आणि जवळजवळ उघडे असते. परंतु थोड्याच आठवड्यांत त्याला हाडे, स्नायू आणि पिसे यांनी सजून आकाशात उडावयाचे असते. शरीर बांधण्यासाठी प्रथिने लागतात आणि हाडे घडवण्यासाठी चुना लागतो. या दोन्ही गोष्टी वाळलेल्या दाण्यात पुरेशा नसतात. म्हणून आईबाप कोवळे दाणे आणि जमेल तेव्हा लहान किडे गिळून आणतात आणि अन्नपुटात मऊ झालेला तो घास पिल्लांच्या तोंडात ओततात. पिल्लांच्या तोंडात आतल्या बाजूला ठळक ठिपके असतात. घरट्याच्या अंधारात घास कोठे द्यावयाचा, हे त्यावरून आईबापांना कळते.

सर्वच फिंच पक्षी पिल्लांना किडे भरवतात असे मात्र नाही. उत्तर अमेरिकेतील पिवळाधमक गोल्डफिंच जवळजवळ पूर्णपणे शाकाहारी आहे. तो पिल्लांनाही मऊ केलेले बीजच भरवतो. पण त्यासाठी तो किती संयम राखतो! इतर बहुतेक पक्षी वसंत ऋतूत घरटी बांधतात. परंतु गोल्डफिंच उन्हाळा भरात येईपर्यंत थांबतो. रानातील काटेरी झाडांना बी धरू लागले, की मगच तो संसार मांडतो. आपल्याकडे कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसा तेथील काऊबर्ड नावाचा पक्षी इतरांच्या घरट्यांत अंडी घालतो. त्याने चुकून गोल्डफिंचच्या घरट्यात अंडे घातले, तर त्यातून निघालेले पिल्लू दोन-चार दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. त्याला अन्न मिळते, मायाही मिळते. परंतु त्याच्या शरीराला हवे ते अन्न मिळत नाही. एकाला जे अमृत, ते दुसऱ्याला अपुरे.

ऋतुचक्र नेहमीप्रमाणे चालले, तर चोच आणि दाणा यांचा मेळ बसतो. परंतु एखादे वर्ष चुकले, तर काय होते? याचे उत्तर प्रशांत महासागरातील गालापागोस बेटांवर मिळाले. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेस असलेल्या या बेटांना १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने भेट दिली होती. तेथील लहान पक्ष्यांना त्याच्या नावावरून ‘डार्विनचे फिंच’ असे म्हणतात. पीटर ग्रँट आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर त्यांचा अभ्यास चालवला. पक्ष्यांच्या पायांत कडी घालणे, चोचींची मापे घेणे, कोण काय खातो हे नोंदणे, असे त्यांचे काम वर्षानुवर्षे चालू होते.

१९७७ मध्ये त्या बेटावर पाऊस फारच थोडा पडला. मऊ, बारीक बिया लवकरच संपून गेल्या. मागे उरली ती गोखरूच्या जातीच्या एका वेलीची कठीण, काटेरी फळे. आपल्याकडे शेतात अनवाणी चालताना पायात सराटा मोडतो, त्याच गोत्रातील ही वनस्पती. ज्यांच्या चोची जाड व बळकट होत्या, ते ही फळे फोडून आतील बी खाऊ शकले. ज्यांच्या चोची थोड्या बारीक होत्या, ते त्या फळांसमोर हतबल झाले. मध्यम भूमिफिंच या जातीचे दर शंभरांत ऐंशींहून अधिक पक्षी त्या काळात नाहीसे झाले. जे वाचले, त्यांच्या चोचींची जाडी पूर्वीच्या सरासरीहून सुमारे अर्ध्या मिलिमीटरने अधिक भरली आणि त्यांची पिल्लेही जाड चोचीची निपजली. पुढे १९८३ मध्ये विपुल पाऊस होऊन बारीक बियांचा सुकाळ झाला, तेव्हा लहान चोचीच्या पक्ष्यांची सरशी झाली. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढे अंतर. परंतु तेवढ्याने कोणी जगावे आणि कोणी मरावे हे ठरले.

रानातील पाखराला अन्न शोधावे लागते, त्यासाठी हिंडावे लागते, प्रसंगी उपाशीही राहावे लागते. पिंजऱ्यातील पाखराला यातील काहीच करावे लागत नाही. मग ते अधिक सुखी असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पिंजऱ्याचा इतिहास तसे सांगत नाही. लाल मुनियेला इंग्रजीत जे ‘अव्हडव्हट’ नाव आहे, ते अहमदाबाद या नगराच्या नावाचा अपभ्रंश होय. तेथून हे सुंदर पक्षी पूर्वी परदेशी पाठवले जात. जाळ्यात धरलेली मुनिया दाटीवाटीने भरलेल्या पिंजऱ्यांतून दूरदूर जात असे. रान सुटलेले, अन्न बदललेले आणि जीव घाबरलेला. अशा स्थितीत कित्येक पाखरे वाटेतच प्राण सोडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा पक्ष्यांना संरक्षण दिले आणि १९९०-९१ च्या सुमारास भारतातील वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. रानातील मुनिया पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा आज गुन्हा आहे.

आज घरोघरी जे फिंच पाळलेले दिसतात, ते बहुतांशी पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले परदेशी पक्षी असतात. त्यांत झेब्रा फिंच प्रमुख होय. दुसरा पक्षी ‘बंगाली फिंच’ या नावाने ओळखला जातो. त्याचा बंगालशी मात्र काही संबंध नाही. पांढऱ्या पाठीची मुनिया कोकणात व सह्याद्रीच्या रानातही राहते. तिचीच चीनमधील जात सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी जपानात नेऊन तेथील लोकांनी माणसाळवली. तिच्यापासून हा पक्षी निर्माण झाला. रानात तो कोठेच आढळत नाही. असे पक्षी मोकळे सोडले, तर त्यांचा निभाव लागणे कठीण असते. ज्याने त्यांना पिंजऱ्यात ठेवले, त्याच्यावरच त्यांच्या घासाची सर्व जबाबदारी येते.

ही जबाबदारी वाटते तितकी सोपी नाही. पहिला धोका तर अगदी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तेथेच टाकतो, हे वर सांगितलेच आहे. रानात ते टरफल वाऱ्यावर उडून जाते. पिंजऱ्यात ते वाटीतच पडते. दिवस मावळेपर्यंत वाटीत वरचा थर नुसत्या तुसाचा साचतो. मालक येतो, वाटी काठोकाठ भरलेली पाहतो आणि समाधानाने निघून जातो. प्रत्यक्षात वाटीत दाणा नसतो. असते ते केवळ तूस. अशा ‘भरलेल्या’ वाटीजवळ पाखरे उपाशी मेल्याची उदाहरणे पक्षी पाळणाऱ्यांना चांगली ठाऊक आहेत. म्हणून वाटी रोज हातात घेऊन तिच्यावर हलकेच फुंकर घालावी. तूस उडून जाईल आणि खरा दाणा किती उरला आहे ते कळेल.

दुसरा धोका याहूनही सूक्ष्म आहे. दाणा भरपूर असूनही पाखरू खंगू शकते. राळा, वरी, नाचणी, बाजरी ही धान्ये फिंच आवडीने खातात आणि ती त्यांना बळही देतात. परंतु बहुतेक वाळलेल्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व व चुना यांचे प्रमाण फार थोडे असते आणि काही आवश्यक प्रथिनद्रव्येही अपुरी असतात. बारा महिने केवळ हेच अन्न मिळाले, तर पिसे निस्तेज होतात आणि रोगांशी झुंजण्याची शक्ती कमी होते. मादीची स्थिती तर अधिक बिकट होते. अंड्याचे कवच चुन्याचे असते. आहारातून चुना मिळाला नाही, तर तो तिच्या हाडांतून खर्ची पडतो. कवच नीट बनत नाही आणि अंडे पोटातच अडून मादीचा प्राण जातो. सूर्यप्रकाशाने शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून खाल्लेला चुनाही अंगी लागत नाही. काळोख्या कोपऱ्यात टांगलेल्या पिंजऱ्यातील पाखराला दाणा मिळतो, पण ऊन मिळत नाही.

यावर उपाय रानानेच दाखवून दिला आहे. रानात वर्षभर जे जे मिळते, त्याचा प्रतिनिधी पिंजऱ्यात आणून ठेवावयाचा, हेच पक्षी पाळणाऱ्याचे सूत्र होय. हिवाळ्या-उन्हाळ्यातील वाळक्या दाण्यांच्या जागी दोन-तीन प्रकारच्या बारीक धान्यांचे मिश्रण द्यावे. भाद्रपदातील दुधाळ दाण्यांच्या जागी भिजवून मोड आणलेला राळा किंवा बाजरी द्यावी. मोड आले, की दाणा मऊ होतो आणि त्यातील पोषक द्रव्ये वाढतात. हिरव्या कोंबांच्या जागी स्वच्छ धुतलेली कोथिंबीर, मेथी किंवा हरळीचे कोवळे कोंब टांगावे. विणीच्या काळात किड्या-अळ्यांच्या जागी उकडून कुस्करलेले अंडे थोडेसे द्यावे. मातीतून मिळणाऱ्या चुन्याच्या जागी समुद्रफेस ठेवावा. समुद्रफेस म्हणजे माकूल नावाच्या समुद्रप्राण्याच्या अंगातील पांढरे, हलके कवच. कोकणच्या किनाऱ्यावर ते वाहून आलेले दिसते. पाखरे ते चोचीने खरवडून खातात. सकाळचे कोवळे ऊन आणि रोज बदललेले स्वच्छ पाणी ही तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक औषधे होत.

काय देऊ नये, हेही जाणले पाहिजे. मोड आलेले धान्य व अंडे उकाड्यात लवकर आंबते. म्हणून ते दोन-तीन तासांनी काढून टाकावे. मीठ, साखर, तळलेले पदार्थ हे माणसाचे खाणे पाखराला अपायकारक असते. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो हे फळ तर त्याला विषासमान होय. कीटकनाशक फवारलेल्या शेतातील पाला कितीही टवटवीत दिसला, तरी तो न धुता देऊ नये. आणखी एक गोष्ट आहे. दाण्यांतील आवडता तेवढाच दाणा निवडून खाण्याची खोड पाखरालाही असते. वाटीत उरलेले धान्य पाहून तो दाणा नावडता आहे की पाखरू आजारी आहे, हे ओळखण्यास रोजचे निरीक्षण लागते. ज्याला एवढे लक्ष देण्यास सवड नाही, त्याने पाखरू न पाळणेच बरे.

पाखरे जवळून पाहण्याचा याहून चांगला मार्ग आहे, आणि त्याला पिंजरा लागत नाही. अमेरिकेत पुष्कळ लोक आपल्या अंगणात दाण्यांची नळी टांगून ठेवतात आणि गोल्डफिंच तिच्यावर येऊन मोकळेपणाने दाणे टिपतात. या नळीत बहुधा जे काळे, बारीक बी घातलेले असते, ते म्हणजे आपले कारळे होय. महाराष्ट्रातील आणि भारताच्या इतर भागांतील डोंगराळ प्रदेशात कारळ्याची पिवळी शेते फुलतात. चटणीसाठी आणि तेलासाठी पिकवलेल्या या बियांपैकी काही साता समुद्रापलीकडे पाखरांसाठी पाठवल्या जातात. परदेशी पोहोचल्यावर त्यातील तणांचे बी तेथे रुजू नये, म्हणून त्या उष्णतेने तापवून घेतात.

मुनियेसाठी तर एवढाही खटाटोप लागत नाही. तिला हवे असते ते बांधावरचे गवत, ते निसवेपर्यंत कोणी कापू वा जाळू नये एवढेच. शेतकऱ्याची आणि तिची कधीकधी तक्रार होते, हे खरे. भात किंवा नाचणी भरात आली, की मुनियांचे थवे शेतात उतरतात आणि गोफण फिरवून किंवा डबे वाजवून त्यांना हुसकावे लागते. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत हीच पाखरे तणाचे असंख्य दाणे वेचून खातात. बांधावर गवत उरले, तर त्यांनाही आपला घास तेथेच सापडतो. माळरान नांगरले गेले, गवत बी धरण्यापूर्वीच कापले गेले आणि तणनाशकांनी बांध उघडे पडले, तर मुनियेचे कोठार रिकामे होते.

गवताला कोणी सहसा धान्य म्हणत नाही आणि माळरानाला कोणी शेत म्हणत नाही. परंतु जिचे वजन दहा-पंधरा ग्रॅमच भरते, तिच्या दृष्टीने ते वर्षभर पुरणारे शेत असते. त्या शेतात प्रत्येक ऋतूला वेगळे पीक येते, आणि त्यातील एकही पीक तिला सोडून चालत नाही. वाटीभर दाणे पाहून तिचे पोट भरले असे मानणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की मुनियेचा घास वाटीत मावत नाही. त्याला एक सबंध वर्ष लागते.